कानात काय टाकलं?

मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. अगदी ठार बहिरा नाही तो. ढग गडगडला किंवा शेजारच्यांच्या पोराने दारात फटाका फोडला तर त्याला कळतं. पण माणसांचं साधं बोलणं त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळे मी कुठेही बसले तरी उजवी बाजू बोलणाऱ्याकडे करून बसते. अमरावतीला पोस्टात बचत खात्याच्या काउंटरवर माझी खुर्ची कायम तिरपी असते. नवीन साहेब आले तेव्हा त्यांना वाटलं, ही बाई लोकांकडे तोंड फिरवून बसते, हिला गुर्मी आहे. त्यांना समजावून सांगावं लागलं.

एका कानाचं माणूस संशयी होतं. हे कोणत्या पुस्तकात वाचलेलं नाही, स्वतःवरून सांगते. डाव्या बाजूला दोघी जणी बोलत असल्या आणि त्यातली एक हसली, की ती माझ्यावरच हसली असं मला पक्कं वाटतं. स्वयंपाकघरात कोणी आवाज खाली केला की माझे हात थांबतात. बडनेऱ्याला आमचं घर आहे, नवरा रेल्वेत आहे. तो म्हणतो, "तू पोलिसात पाह्यजे होती. पोस्टात वाया चालली." तो हे हसत म्हणतो. पण तो नेमका का हसतो याचाही मी विचार करत बसते.

कान गेला तो लहानपणी, बार्शीटाकळीला. मी शाळेत जायला लागले होते नव्हते तेव्हाची गोष्ट. सर्दी झाली, कान ठणकला, मग फुटला आणि वाहायला लागला. आमच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव बाहेर काढले, आणि त्यांच्याबरोबर अंगारा, उतारा, लिंबू-मिरची सगळं गेलं. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यांचा आवडता शब्द "कावून?", म्हणजे का? कोणी काही सांगितलं की पहिला प्रश्न तोच. मांजर आडवं गेलं, थांब. कावून? पण देव गेले तरी झाडपाला राहिला. लसूण राहिला, ओवा राहिला, वेखंड राहिलं. त्याला कोणी "कावून" विचारलं नाही, कारण ते म्हणे शास्त्र होतं. माझ्या कानात सुदर्शनाचं पान तव्यावर गरम करून त्याचा रस पिळला. लसणाच्या कुड्या टाकून उकळलेलं तेल झालं. झेंडूच्या पाल्याचा रस झाला. आणखी काय काय झालं ते मला आठवत नाही, फक्त कोणाच्या तरी मांडीवर डोकं दाबून धरलेलं आठवतं. अकोल्याच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा तो म्हणाला, फार उशीर केला.

पुढे मोठी झाल्यावर मी चौकशी केली. कोणी टाकलं? आई म्हणाली, तुझ्या आत्याने. आत्या म्हणाली, मी कशाला टाकू, शेजारची म्हातारी यायची ना. शेजारची म्हातारी तोवर मरून गेली होती. मला या गोष्टीचा आजही संताप येतो. ज्या औषधाचा गुण आला ते प्रत्येकाने दिलेलं असतं. "म्याच सांगतलं होतं" म्हणणारे गल्लीभर निघतात. पण ज्या औषधाने वाटोळं झालं ते कोणीच दिलेलं नसतं. ते आपोआप कानात जाऊन बसतं.

हे सगळं सांगितलं, कारण माझ्या मुलीचा कान वाहायला लागला तेव्हा माझं काय झालं असेल ते कळावं.

मुलगी तेव्हा बालवाडी संपवून पहिलीत जायची होती. उन्हाळा होता, तिला सुट्टी, मला नाही. नवऱ्याची ड्युटी कधी दिवसा, कधी रात्री. म्हणून तिला अकोल्याला सासरी ठेवलं. तिथे सासूबाई, दीर, आणि धाकटी जाऊ. जाऊ नुकतीच हिवरखेडहून, तिच्या माहेराहून, बाळंतपण करून परत आली होती. घरात तान्हं बाळ आलं म्हणून मुलगी अगदी खुशीने गेली. आठवडा-दीड आठवड्यात सासूबाईंचा फोन आला, पोट्टीचा कान ठणकून राहिला. मी त्याच दिवशी गाडी पकडली. पोचले तर उजव्या कानातून पिवळं पाणी आलेलं, कानाखाली गालावर वाळलेलं. मी तिला तशीच उचलली आणि अमरावतीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे आणली.

डॉक्टर वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी कानात दिवा घालून पाहिलं. म्हणाले, "सर्दीतून आलंय. पडद्याला लहानसं छिद्र पडलंय. लहान मूल आहे, आपोआप भरून येईल. पण कान कोरडा राहिला पाहिजे. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस घालायचा. आणि मी लिहिलेलं औषध सोडून कानात काहीही टाकायचं नाही. तेल नाही, रस नाही, काही नाही."

आता माझा स्वभाव असा, की मी डॉक्टरवरही लगेच विश्वास ठेवत नाही. त्यांच्या दवाखान्याच्या खालीच मेडिकल स्टोअर का? त्यांनी लिहिलेले थेंब फक्त त्याच दुकानात का मिळतात? मी मुद्दाम राजकमल चौकापर्यंत जाऊन दुसऱ्या दुकानात विचारलं. तिथेही मिळाले. मग घरी येऊन खोक्यातला तो बारीक अक्षरांचा कागद भिंग घेऊन वाचला. नवरा म्हणाला, "आता डॉक्टरीच कर तू."

पोस्टातल्या बायकांना कळलं आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. एकीने कांद्याचा रस सांगितला. एकीने साबुदाण्यासारख्या गोड गोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता दिला. ग्रुपवर कोणीतरी व्हिडिओ टाकला, त्यात एक हसरी बाई कानावर ओव्याची पुरचुंडी फिरवत "शंभर टक्के आराम" म्हणत होती. खाली वीस जणींनी हात जोडलेले. मी काही झाडपाल्याची वैरीण नाही. घसा धरला तर हळद-मिठाच्या गुळण्या मी स्वतः करते, ओव्याच्या वासाने चोंदलेलं नाक मोकळं होतं हेही मला मान्य आहे. पण ज्याच्या आत काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, त्या भोकात काहीतरी ओतायची लोकांना इतकी घाई का असते, हे मला कधीच कळलेलं नाही.

थेंबांनी कान कोरडा झाला. मुलगी पुन्हा अकोल्याला जायचा हट्ट करायला लागली. "मले बाळाशी खेळायचं आहे." मी नको म्हणत होते, पण घरी ठेवायची सोय नव्हती. सोडायला गेले तेव्हा सासूबाईंना समोर बसवून सगळं सांगितलं. कापूस दाखवला, व्हॅसलीनची डबी दिली. "आई, कानात काहीच टाकायचं नाही हं. तेल बी नाही, सुदर्शन बी नाही."

"अव बाई, मी कायले टाकू?" सासूबाई म्हणाल्या. "मी का डॉक्टरीण आहे काय, जे डॉक्टरच्या वर जाईन?"

पुन्हा आठवड्यात कान वाहायला लागला.

या वेळी मी गाडीत बसल्या बसल्या मनात खटला चालवला. आरोपी एकच होती. सासूबाईंच्या घरी मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीजवळ, तेलाच्या डब्यात सुदर्शनाचं झाड लावलेलं आहे. ते मी लग्न झाल्या दिवसापासून पाहते आणि लग्न झाल्या दिवसापासून मला ते आवडत नाही. पोचल्यावर मी मुलीला भेटायच्या आधी ते झाड पाहून आले. एकेक पान तपासलं. कुठेच तोडल्याची खूण नव्हती. मग स्वयंपाकघरात गेले. लोखंडी पळी हुंगली. तेलाच्या कढल्यात जळका लसूण दिसतो का ते पाहिलं. काही नाही. पलंगावरची मुलीची उशी उचलली आणि तोंडाशी नेली.

लसणाचा वास नव्हता. तेलाचा डाग नव्हता. पण कसलातरी आंबूस वास होता. ओळखीचा, पण नाव सापडेना.

मी उशी घेऊनच बाहेर आले. सासूबाई ओसरीत कुरड्या उलट्या करत बसल्या होत्या.

"आई, खरं सांगा, कानात काय टाकलं?"

"काईच नाई."

"ताक टाकलं का?"

त्यांनी कुरडई खाली ठेवली. "ताक? कानात? मी का पागल झाली काय? लेकराची शपथ घेऊन सांगतो बाई, तेल नाई, पाला नाई, लसूण नाई. कोणतंच औषध टाकलं नाई. तू येऊन राहिली अन् माया घराची झडती घेऊन राहिली. माई उशी हुंगून राहिली! कोणी पाह्यलं तं काय म्हणीन?"

जाऊ दाराशी बाळाला खांद्यावर टाकून उभी होती. ती बाळाची पाठ थोपटत राहिली. मला वाटलं, ही सासूला झाकते आहे. दोघी मिळून मला बनवत आहेत. मी आत वळले तेव्हा माझा डावा कान त्यांच्याकडे होता. त्या मागे काहीतरी बोलल्या, आणि ते मला ऐकू आलं नाही. त्या क्षणी मला माझ्या कानाचा इतका राग आला की तो उपटून फेकावा असं वाटलं.

पुन्हा डॉक्टर, पुन्हा थेंब. या वेळी त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. "घरी कोणी काही टाकतंय का?" मी म्हटलं, "टाकतायत. कोण आणि काय, ते शोधते आहे." ते म्हणाले, "शोधा. छिद्र असंच राहिलं तर ऐकण्यावर परिणाम होईल." ही गोष्ट मला सांगायची काही गरज नव्हती.

त्याच दिवसांत आणखी एक झालं. मुलीला हाक मारली की ती एकदम उत्तर देत नव्हती. आधी मान वळवायची, एक कान पुढे करायची, डोळे बारीक करायची आणि मग म्हणायची, "काय?" मी पोळ्या करताना पाहिलं, टीव्हीसमोर पाहिलं, फाटकात पाहिलं. दर वेळी तेच. नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणाला, "खेळून राहिली असंन." पण मग तोही तिच्याकडे निरखून बघायला लागला. बहिरेपण कसं येतं ते मला ठाऊक होतं. ते दार वाजवून येत नाही. आधी माणूस "काय?" म्हणायला लागतं.

तेवढ्यात नवऱ्याला दुसरीकडे ड्युटी लागली आणि माझी रजा मंजूर झाली नाही. मुलीला परत अकोल्याला पाठवण्याशिवाय इलाज उरला नाही. मी पाठवलं, पण मनाशी एक ठरवूनच. कोणाला न सांगता, एका कामाच्या दिवशी, अर्धी रजा टाकून मी बडनेऱ्याहून दुपारची गाडी धरली. मे महिन्यातलं अकोला. स्टेशनाबाहेर रिक्षाच्या दांडीला हात लावायची सोय नव्हती. घरापासून थोडं अलीकडेच उतरले, फाटकाची कडी आवाज न करता काढली, आणि चोरासारखी स्वतःच्या सासरी शिरले. सासूबाई ओसरीत पंख्याखाली आडव्या झाल्या होत्या, घोरत होत्या. म्हणजे आत्ता तरी कानात काही पडत नसणार, असं मी ठरवूनही टाकलं. आत कूलरचा घों घों आवाज येत होता. मधल्या खोलीचा पडदा बाजूला केला.

जाऊ खाली गादीवर बसली होती. तिच्या बाजूला बाळ झोपलं होतं, पोट भरलेलं, तोंड उघडं. आणि तिच्या मांडीवर माझ्या मुलीचं डोकं होतं, उजवा कान वर. जाऊने एका हाताने तिचे केस कानामागे धरले होते आणि दुसऱ्या हाताने ती स्वतःचं दूध तिच्या कानात पिळत होती. थेंब थेंब, अगदी जपून. मुलीने डोळे मिटले होते. तिच्या चेहऱ्यावर इतकं सुख होतं की पडदा माझ्या हातातच राहिला.

उशीचा वास मला तेव्हा ओळखू आला. आंबलेलं दूध. माझी स्वतःची उशी, माझे ब्लाउज, मुलगी तान्ही असताना दोन वर्षं त्याच वासाचे होते.

"काय टाकून राहिली व?" माझा आवाज फाटला.

जाऊ दचकली, तिने पदर ओढला. पण ती घाबरली नव्हती. लपवण्यासारखं काही करताना पकडली गेली, असं तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. "दूध व ताई," ती म्हणाली. "दुसरं काय?"

"कानात?"

"हाव. सकाळपासून रडून राहिली ते, कान दुखते म्हणून. दुधानं थंडावा पडते. आमच्या हिवरखेडले लेकुरवाळी बाई असली की गल्लीतले सारे लेकरं तिच्याचकडे आणतात. कान दुखला तं दूध, डोळे आले तं दूध."

गलका ऐकून सासूबाई आल्या. मी त्यांच्याकडे वळले. "तुम्ही शपथ घेतली होती! कोणतंच औषध टाकलं नाही म्हणून!"

"मंग?" सासूबाईंना खरंच कळेना. "दूध का औषध आहे काय? दूध तं दूध आहे. लेकराले दूध चालत नाई का?"

"ते पोटात चालते, आई. कानात नाही."

"तुया नवऱ्याच्या कानात म्याच टाकलं होतं. त्याले काय झालं? त्याले तं नको ते बी ऐकू येते."

एरवी मी हसले असते. मी सगळ्यांना सगळं विचारलं होतं. तेल, लसूण, पाला, ताक. झाडाची पानं मोजायची तेवढी बाकी ठेवली होती. पण दूध विचारायचं मला सुचलं नाही, आणि त्यांना ते सांगायचं सुचलं नाही, कारण त्यांच्या हिशेबी ते काही टाकणं नव्हतंच. तान्ह्या बाळाला पाजतात, त्यातलंच थोडं मोठ्या लेकराला दिलं. त्यात काय सांगायचं?

मी तिथेच गादीवर बसले आणि डॉक्टरांनी सांगितलेलं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पडद्याला छिद्र आहे. दूध त्यातून आत जातं, आत नासतं, उकाड्यात लवकर नासतं, आणि जखम भरतच नाही. बाहेरून थंड वाटतं, आत पू होतो. बोलता बोलता मी माझ्या डाव्या कानाचंही सांगितलं. जाऊला तो कान असा का आहे ते माहीत नव्हतं. तिला वाटायचं, मी जन्मापासूनच तशी.

ती ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत गेला. मग ती म्हणाली, "म्याच टाकलं ताई. आईनं नाई टाकलं. पहिल्या डावापासून म्याच टाकलं. मले तिचं रडणं पाहवे ना." आणि मग, अगदी हळू, "पोट्टी बहिरी तं नाई होणार?"

मला राग यायला हवा होता. तो मी बडनेऱ्यापासून बरोबर आणलाच होता. पण ते "म्याच टाकलं" ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर मी हे दोन शब्द कोणाच्या तरी तोंडून ऐकायची वाट पाहत होते. माझ्या कानाबद्दल ते कोणीही म्हटलं नाही. आई नाही, आत्या नाही. आणि ही माझ्याहून दहा वर्षांनी लहान पोरगी, बाळंतपणाने अजून सुजलेली, विचारायच्या आधीच म्हणाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "होणार नाही," मी म्हटलं. मला तेव्हा तसं अजिबात वाटत नव्हतं.

मुलगी मात्र नाराज झाली. घरी निघताना गाडीत म्हणाली, "कान दुखते म्हटलं की काकू मांडीवर घेते. आता नाई घेणार." मी विचारलं, "दर वेळी खरंच दुखत होता का?" ती खिडकीबाहेर बघायला लागली.

त्यानंतर तिला मी कुठे पाठवलं नाही. बिनपगारी रजा टाकली. थेंब, कापूस, कोरडा कान. शाळा सुरू व्हायच्या सुमाराला डॉक्टरांनी दिवा घालून पाहिलं आणि म्हणाले, पडदा भरून आला. जाऊचा फोन जवळजवळ रोज यायचा. "ऐकू येते ना व ताई?" मी हो म्हणायचे. पण मान वळवणं थांबलं नव्हतं. हाक मारली की मान, कान, बारीक डोळे, "काय?" उलट वाढलं होतं. पडदा भरला असं डॉक्टर म्हणतात, मग मुलगी अशी का करते? डॉक्टर काहीतरी लपवत असतील. किंवा त्यांना दिसत नसेल. मी ऐकण्याची तपासणी करायचा हट्ट धरला. नवराही रजा घेऊन आला.

काचेच्या खोलीत तिला बसवलं. डोक्यावर मोठे हेडफोन. हातात रंगीत मणी. आवाज आला की एक मणी डब्यात टाकायचा, असा खेळ. मी काचेबाहेर उभी होते. आवाज मला ऐकू येत नव्हते, कोणालाच येत नव्हते, ते फक्त तिच्या कानात होते. ती मणी हातात धरून थांबायची आणि मला वाटायचं, आता गेला, हा आवाज तिला ऐकू आला नाही. मग टप्प. मणी डब्यात. पुन्हा थांबणं. पुन्हा टप्प.

मग आम्ही डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी कागद पाहिला. "उत्तम. दोन्ही कान उत्तम."

मला ते पटलं नाही. "मग ती मान का वळवते? हाक मारली की एक कान पुढे करते. तुम्ही बघा हवं तर."

त्यांनी मुलीला नावाने हाक मारली. तिने मान वळवली, कान पुढे केला, डोळे बारीक केले.

"दुखत होता तो कान कोणता?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"उजवा."

"आणि आत्ता तिने पुढे कोणता केला?"

मी पाहिलं. उजवा.

"ज्या कानाने कमी ऐकू येतं, तो कान कोणी पुढे करत नाही," ते म्हणाले. "हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल."

मी खुर्चीत तिरपी बसले होते. उजवी बाजू डॉक्टरांकडे, मान थोडी पुढे, डोळे बारीक. माझ्या शेजारच्या खुर्चीत माझी मुलगी अगदी तशीच बसली होती. पाय खाली पोचत नव्हते, तेवढाच फरक. अख्खा उन्हाळा मी उशा हुंगल्या, झाडाची पानं तपासली, तिची मान रोज पाहिली, आणि ती कोणाची मान आहे ते मला दिसलं नाही. मला इतकं मोकळं वाटलं आणि इतकी लाज वाटली की दोन्ही एकाच वेळी कसं वाटतं ते सांगता येणार नाही.

मुलगी चपला घालायला दाराकडे गेली. तेवढ्यात डॉक्टर माझ्या डाव्या बाजूला बसलेल्या नवऱ्याला काहीतरी म्हणाले. हळू आवाजात. नवरा हसला आणि मान हलवली. मला ऐकू आलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर मी आधी जाऊला फोन लावला. "सगळं ठीक आहे. दोन्ही कान." पलीकडे ती रडायला लागली, मग तिचं बाळही रडायला लागलं. फोन ठेवून पाहते तर मुलगी दोन पायऱ्या खाली थांबलेली, आमच्याकडे बघत.

"आई, डॉक्टरनं बाबाले हळूच काय म्हटलं?"

"काही नाही गं."

"मायाबद्दलच म्हटलं. बाबा हसले."

तिने ते ज्या सुरात म्हटलं, तो सूर मी ओळखला. काउंटरवर माझ्या मागे दोघी हसल्या की माझ्या मनात तोच सूर असतो. मी नवऱ्याला म्हटलं, "सांगा तिला. मोठ्यानं सांगा." खरं तर मलाही ऐकायचं होतं.

नवरा पायरीवर तिच्यासमोर उकिडवा बसला. "डॉक्टर म्हणे, मायलेकी एका बाजूनं बसतात. पोरीले सांगा, तुले दोन कान आहे, दोन्ही वापर. एवढंच म्हटलं."

मुलीने त्याचं तोंड बराच वेळ न्याहाळलं. मग मान माझ्याकडे वळवली, उजवा कान पुढे केला.

"आई, बाबा खरं बोलून राहिले का?"

मला ते माहीत नव्हतं. मी ऐकलंच नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "खरं बोलतायत."

ती डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिली. मी खरं बोलते आहे की नाही, ते ती ठरवत होती.